दारू सोडण्यासाठी गट शोधताय? पहिल्या फोनपासून पहिल्या सभेपर्यंत

दारू सोडायचं मनावर घेतलेला माणूस आपल्याकडे सहसा तीनपैकी एक गोष्ट करतो. देवापुढे शपथ घेतो, श्रावण पाळतो, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून औषध आणतो. आपल्यासारख्याच आठ-दहा जणांत जाऊन बसायचं, हे फार उशिरा सुचतं. सुचलं तरी जायचं कुठे, तिथे काय विचारतात, पैसे किती, ऑफिसात कळलं तर काय, या विचारांत महिने निघून जातात. ते महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी याच वाटेने आलो आणि अजूनही सभेला जातो. नाव देत नाही, कारण आमच्यात जाहीर लिखाणात नाव द्यायची पद्धत नाही. शिवाय कुठल्याही संस्थेच्या वतीने मी बोलत नाही.

लेख मुख्यतः दारूबद्दल आहे. ब्राउन शुगर, गांजा, गोळ्या यांच्यासाठी नार्कोटिक्स ॲनॉनिमस म्हणजे एनएचे गट असतात. त्यांची रीत बरीचशी अशीच. फक्त तंबाखू-गुटखा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकापासून सुरुवात करा.

१. आधी शरीराचं बघा

सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि दोन घोट गेल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही, अशी अवस्था असेल तर एकदम बंद करून थेट सभेला जाऊ नका. "आजपासून बंद" म्हणून स्वतःला खोलीत कोंडून घेण्यात काही शौर्य नाही. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात. माणूस भिंतीवरचे नसलेले किडे झटकू लागतो, समोरच्या बायकोला ओळखत नाही. घरच्यांना ही नाटकं वाटतात. ती नाटकं नव्हेत, यात जीव जातो. फिट आली किंवा माणूस बरळू लागला तर १०८ ला फोन करा.

तेव्हा आधी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. डॉक्टरला "थोडी थोडी घेतो" असं सांगू नका. रोज किती क्वार्टर, देशी की विदेशी, किती वर्षं, शेवटची केव्हा, पूर्वी कधी फिट आली होती का, एवढं सरळ सांगा. झोपेच्या गोळ्या घेत असाल तर तेही. गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" म्हणायची सवय असते. तिथेही दारूचं आधी सांगाच. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरला हे ठाऊक असतं, पण तुम्ही पिता हे त्याला ठाऊक नसतं.

ज्यांना असा त्रास होत नाही, म्हणजे शनिवार-रविवारच पितात पण प्यायला बसले की थांबता येत नाही, त्यांनी पुढच्या पायरीवर जावं.

२. केंद्र आणि गट, दोन्ही वेगळं

लोक यात नेहमी गल्लत करतात. केंद्र म्हणजे दाखल होऊन राहायचं ठिकाण. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांनी त्याला हात दिला. तिथला उपचार साधारण ३५ दिवसांचा. फादर जो परेरा यांनी मुंबईत १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं, त्यांचा योगावर भर आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं परिवर्तन आहे. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी केंद्रंही बऱ्याच जिल्ह्यांत आहेत.

गट म्हणजे आठवड्यातून एकदा किंवा रोज तास-दीड तास भरणारी सभा. तिथे डॉक्टर नाही, फी नाही, नोंदवही नाही. सगळ्यात जास्त पसरलेले गट अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे, म्हणजे एएचे. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुड्यांनी सुरू केली. त्यातला एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. भारतात ती १९५७ पासून आहे. याशिवाय केंद्रांचे स्वतःचे पाठपुरावा गट असतात. दाखल होऊन गेलेले लोक आपापल्या गावी महिन्या-पंधरवड्याला जमतात, आणि जवळचा गट कुठे आहे हे केंद्राला फोन केला की सांगतात.

माझं मत विचाराल तर केंद्रात गेलात तरी गट हवाच. केंद्रात दारू मिळत नाही, म्हणून ती सुटल्यासारखी वाटते. घरी आल्यावर कोपऱ्यावरचं दुकान तिथेच असतं.

३. शोधायचं कुठे

पहिला मार्ग १४४४६. ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. जवळची केंद्रं सांगतात, समुपदेशनही करतात. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

दुसरा, एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरानुसार सभांची माहिती आणि स्थानिक फोन मिळतात.

तिसरा मार्ग कुणी सांगत नाही, पण मोठ्या शहराबाहेर तोच जास्त उपयोगी पडतो. रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत समाजसेवक बसलेला असतो, त्याला विचारा. त्याच्याकडे बहुतेक वेळा गटातल्या कुणाचा तरी नंबर असतो, कारण गटातली माणसं तिथे रुग्णांना भेटायला येतात. मुंबई, वसई, गोवा इथे जवळच्या चर्चमध्ये चौकशी करा. चर्चच्या हॉलमध्ये कितीतरी सभा भरतात आणि तिथे येणारे सगळे ख्रिश्चन असतात असं मुळीच नाही.

गडचिरोली वेगळी. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी दारू आहेच. मुक्तिपथ नावाचा उपक्रम तालुक्याच्या पातळीवर उपचार आणि गावोगावी काम करतो. त्या भागातल्यांनी तिथून सुरुवात करावी.

४. जाण्याआधी फोन करा

ही पायरी गाळू नका. यादीतली सभा अजून भरतेच असं नाही. शाळेने जागा काढून घेतलेली असते, वार बदललेला असतो. मोठ्या हिमतीने गेलेला माणूस बंद दार पाहून परत फिरतो, आणि परतीच्या वाटेवर बार असतोच.

फोन उचलणारा हा पगारी माणूस नसतो. तोही कधीकाळी तुमच्याच जागी होता. एवढंच म्हणा, "नमस्कार, मला दारूचा त्रास आहे, सभा कुठे भरते?" तो बहुधा दोन प्रश्न विचारेल: "आता कुठे आहात?" आणि "आज घेतलीय का?" दुसरा प्रश्न ऐकून अंगावर काटा येतो. पण तो कानउघाडणी करायला विचारत नाही. आज बोलायचं की उद्या सकाळी पुन्हा फोन करायचा, हे त्याला ठरवायचं असतं. खरं सांगा.

तुम्ही त्याला हे विचारा:

- सभा त्याच जागी, त्याच वारी भरते ना? किती वाजता? कुठल्या दाराने आत यायचं?
- खुली की बंद? खुल्या सभेला घरचे, मित्र, कुणीही येऊ शकतं. बंद सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांची.
- भाषा कुठली? मुंबई-पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे गट असतात, गोव्यात कोकणीही.
- बाई असाल तर: सभेला दुसऱ्या बाया येतात का? फक्त महिलांची सभा आहे का?
- आणि सगळ्यात महत्त्वाचं: दाराशी कुणी भेटेल का?

शेवटच्या प्रश्नावर "हो" आलं की त्या माणसाचं नाव आणि नंबर घ्या. अनोळखी जागेत एकट्याने शिरणं आणि "या, मी तुमचीच वाट बघत होतो" असं कुणी म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यांदा येऊन पुन्हा न आलेले जे मी पाहिले, त्यातले बरेच जण दाराशी कुणी न भेटलेले होते. घरी भेटायला या म्हणालात तर गटातले दोघे जण घरीही येतात. हे त्यांच्या रीतीतच बसतं, त्यात उपकार वाटून घ्यायचं कारण नाही.

५. सोबत काय न्यायचं

सभेला: काहीही नाही. आधार कार्ड नको, फोटो नको, आडनावही नको. सदस्य व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. शेवटी थैली फिरते, त्यात ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो; नवीन माणसाने टाकलेच पाहिजेत असं नाही. त्या पैशांत चहा आणि जागेचं भाडं निघतं. बाहेरची देणगी एए घेत नाही.

केंद्रात दाखल व्हायचं असेल तर आधार कार्ड, फोटो, जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी, सोबत एक नातेवाईक, आठवड्याचे कपडे. किती दिवस, किती खर्च, गरिबांना सवलत आहे का, भेटायला केव्हा देतात, हे आधी फोनवर विचारून घ्या आणि पावती मिळते का तेही.

६. पहिली सभा

समजा महापालिकेच्या शाळेत दुसरीच्या वर्गात सभा आहे. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीशी येतात. फळ्यावर सकाळचे पाढे तसेच. पुढच्या टेबलावर चादर अंथरलेली, त्यावर एएचं निळं जाड पुस्तक, आणि दोन्ही बाजूंना कापडी फलक: एकावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी माणसाने एकेक करून करायच्या गोष्टी, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे गट चालवायची तत्त्वं. रिक्षावाला, बँकेतला साहेब, कॉलेजचा पोरगा, निवृत्त हवालदार शेजारी शेजारी बसलेले. कोण काय करतो हे कुणी विचारत नाही, पण मुंबईच्या सभेत कुठल्या लाइनीवर राहता एवढं मात्र विचारतात.

सुरुवातीला सूत्रसंचालक काही वाचतो. मग एकेक जण उठतो, "माझं नाव अमुक, मी मद्यपी" म्हणतो, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि तो आपली गोष्ट सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. लोक हसतातही, आणि नव्या माणसाला ते फार खटकतं. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याची गोष्ट सांगताना हसतात कसे? हसतात, कारण तिथल्या अर्ध्या जणांनी ते केलेलं असतं.

तुम्हाला बोलायला सांगितलं तर "आज फक्त ऐकतो" म्हणून बसता येतं. पिऊन आलात तर हाकलत नाहीत, फक्त बोलू नका म्हणतात. शेवटी उभं राहून हात धरून प्रार्थना होते. इथे नास्तिक माणूस बिचकतो. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो "आम्हाला जसा समजला तसा" अशा शब्दांत. माझ्या ओळखीचे काही पक्के नास्तिक त्या जागी गट धरतात आणि त्यांचं चाललंय. अगदीच पटत नसेल तर केंद्रांचे पाठपुरावा गट बघा, तिथे देवाचं प्रकरण कमी असतं.

सभेतून निघताना दोन-तीन जणांचे फोन नंबर मागा. संध्याकाळी सात ते नऊ ही वाईट वेळ, तेव्हा लावायला. त्यांनाही तो फोन हवा असतो.

७. पहिल्या सभेवरून गट ठरवू नका

एखाद्या गटात म्हातारेच असतात, एखाद्यात एकच माणूस अर्धा तास बोलतो, एखाद्यात राजकारण. दोन-तीन वेगवेगळ्या गटांत जाऊन बघा. सुरुवातीचे तीन महिने जमलं तर रोज जावं असा जुन्यांचा आग्रह असतो. ऐकायला अघोरी वाटतं, पण आपण रोज प्यायला वेळ काढत होतोच.

नंतर स्पॉन्सर निवडायचा. म्हणजे बऱ्याच वर्षांपासून न पिणारा एक जण, जो तुम्हाला पायऱ्यांमधून नेतो. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाईच निवडावी. ज्याची गाडी मोठी किंवा भाषण जोरदार त्याच्याकडे जाऊ नका. ज्याच्या घरचे त्याच्याबरोबर खुल्या सभेला येतात तो बघा.

८. घरच्यांसाठी

पिणारा यायला तयार नसेल तरी तुम्ही जाऊ शकता. ॲल-अनॉन हे घरच्यांचे गट १९५१ पासून आहेत, किशोरवयीन मुलांसाठी ॲलटीन. मुक्तांगणचा सहचरी हा पत्नींचा गट आहे. तिथे नवऱ्याची दारू सोडवायची युक्ती शिकवत नाहीत. त्याच्या बाटल्या लपवणं, त्याच्या ऑफिसात "ताप आलाय" म्हणून फोन करणं, त्याची उधारी भागवणं थांबवायला शिकवतात. सासूबाईंना हे पटायला वेळ लागतो. त्यांनाही घेऊन जा.

९. इथे फसू नका

"रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. अशा पुडीत नेमकं काय आहे ते सांगता येत नाही. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला पूर्ण माहिती देऊनच घ्यायचं असतं. भाजीत कालवून दिलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

रात्री गाडी घेऊन येणारे आणि माणसाला उचलून नेणारे केंद्रवाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक आजारही येतात. साखळीने बांधायला बंदी आहे, आणि स्वतःहून दाखल झालेल्याला स्वतःहून बाहेर पडता येतं. नोंदणी दाखवा म्हटल्यावर टाळाटाळ झाली, किंवा पहिला महिना घरच्यांशी बोलू देणार नाही म्हणाले, तर तिथून निघा.

गटात कुणी "मानसोपचाराच्या गोळ्या म्हणजे पण नशाच, बंद कर" असं सांगेल. ऐकू नका. सभेत बसलेला माणूस डॉक्टर नसतो, आणि एएची अधिकृत भूमिकाही गोळ्या डॉक्टरवर सोडा अशीच आहे.

गटातल्या कुणालाही पैसे उसने देऊ नका, घेऊ नका. सभेत फोटो काढू नका. कुणाला तिथे पाहिलंत तर बाजारात भेटल्यावर ओळख दाखवायची की नाही हे त्याच्यावर सोडा.

आता गटारी. श्रावण पाळणाऱ्याला वाटतं की महिनाभर सोडता येते, म्हणजे आपण दारुडे नाहीच. मग गणपती उठले की सुरू. महिनाभर सोडणं हे व्यसन नसल्याचं प्रमाणपत्र नव्हे. उलट पाळणं सुटायच्या दिवसाची वाट बघत बसणं हेच लक्षण. माळ घालून कायमचे सुटलेले वारकरी मी पाहिलेत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्यांच्याही बाबतीत दर महिन्याची वारी आणि दिंडीतली माणसं आहेतच की. गटारी, होळी, ३१ डिसेंबर, मित्राची हळद, या दिवसांची सभा आधीच ठरवून ठेवा. अशा दिवशी काही ठिकाणी खास लांब सभा भरतात.

आणि घसरलात तर? महिनाभर तोंड लपवून बसू नका. दुसऱ्या दिवशी जा, मागच्या बाकावर बसा, झालं ते सांगा. तिथे कुणी आश्चर्य करणार नाही.

१०. गावात गटच नसेल तर

२०२० च्या टाळेबंदीत बऱ्याच गटांनी झूमवर सभा सुरू केल्या आणि त्यातल्या काही टिकल्या. परदेशात असाल तर तिथली इंग्रजी सभा समोरासमोर आणि मायबोलीतली पडद्यावर, अशी जोडी चालते. मात्र नुसत्या पडद्यावर राहू नका. कॅमेरा बंद करून ग्लास हातात धरता येतो.

नाहीतर स्वतःच सुरू करा. एएत सभा भरायला दोन मद्यपी पुरतात. जवळच्या शहरातल्या गटाला सांगा. ते पहिल्या काही सभांना माणसं पाठवतात आणि मराठी पुस्तकं, फलक मिळवून देतात. जागेसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा ग्रामपंचायतीला साधा अर्ज करा. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलायची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पोलीस पाटलांकडे नंबर देऊन ठेवा, कारण नवा माणूस येईल तो तिथूनच. सुरुवातीला बरेच आठवडे तुम्ही दोघेच असाल. तरी वेळ झाली की सुरू करा, आणि खोलीची किल्ली दोघांकडेही ठेवा. एकाचा पाय घसरला म्हणून त्या आठवड्याची सभा बंद पडायला नको.